एक प्रश्न, एक ओहोटी: समुद्रकिनाऱ्यावर भूगोल शिकताना

महाराष्ट्र राज्य मंडळाने २०१८ साली आणलेल्या दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा होता. नळदुर्गहून निघालेली मुले घाट उतरून अलिबागच्या समुद्रापर्यंत येतात आणि वाटेत बदलत जाणारी माती, पिके, घरे टिपत राहतात. पाठ चांगलाच होता. प्रत्यक्षात मात्र बहुतेक शाळांची क्षेत्रभेट म्हणजे सहलच असते. बस किनाऱ्यावर थांबते, सर पाच मिनिटे ‘ही पुळण, तो सागरी कडा’ असे सांगतात, मुले पाण्यात उतरतात आणि आठवड्याभराने सगळ्यांच्या वहीत एकसारखा अहवाल उमटतो. त्या अहवालातली वाक्ये घरी बसूनही लिहिता आली असती.

खरे तर समुद्रकिनाऱ्यासारखी भूगोलाची प्रयोगशाळा दुसरी नाही. डोंगर झिजायला लाखो वर्षे लागतात, नदीने पात्र बदलायला पिढ्या जातात. किनाऱ्यावर लाट वाळू हलवते ती डोळ्यांदेखत. सहा तासांत पाणी पुढे येते, पुढच्या सहा तासांत मागे जाते. एका सकाळी मोजता येईल इतका वेगवान भूगोल इथेच भेटतो. हे मोजमाप शाळेच्या खर्चात, साध्या साहित्याने आणि सुरक्षितपणे कसे करायचे, ते या लेखात सांगितले आहे. आठवी ते बारावीचे शिक्षक, पदवीचे विद्यार्थी आणि मुलांना घेऊन स्वतंत्रपणे कोकणात जाणारे पालक यांना ते वापरता येईल.

आधी प्रश्न, मग ठिकाण

‘किनाऱ्याचा अभ्यास’ हा विषय झाला, तो प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा की त्याचे उत्तर मोजून मिळेल आणि ते आधीपासून ठाऊक नसेल. काही नमुने पाहा:

- बंधारा बांधलेल्या भागातली पुळण आणि मोकळ्या भागातली पुळण यांच्या उतारात फरक आहे का?
- पाण्यापासून वाडीकडे जाताना वाळूचे कण बारीक होतात की जाड?
- समुद्रापासून लांब जाऊ तसे विहिरीचे पाणी किती गोडे होत जाते?
- आज किनाऱ्यालगतचा प्रवाह वाळू उत्तरेकडे नेतो आहे की दक्षिणेकडे?

एका गटाला एकच प्रश्न द्या. निघण्यापूर्वी प्रत्येक मुलाने आपला अंदाज आणि त्यामागचे कारण वहीत लिहावे. अंदाज चुकला तरी बिघडत नाही. उलट, चुकलेल्या अंदाजाचे कारण शोधताना मूल पाठ्यपुस्तक स्वतःहून उघडते.

दिवस ठरवताना पंचांग पाहा

शाळा सहलीचा दिवस सुट्ट्या आणि बसचे भाडे पाहून ठरवते. किनाऱ्यावरच्या क्षेत्रभेटीचा दिवस भरती-ओहोटी ठरवते. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते. दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, म्हणून वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते.

कोकणातला जुना हिशोब अजून कामाला येतो. तिथीच्या आकड्याला ३ ने गुणायचे आणि ४ ने भागायचे, की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला ४ × ३ ÷ ४ = ३, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, पहाटे आणि दुपारीही. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. कृष्णपक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचे. हा हिशोब मुंबईच्या आसपास बऱ्यापैकी जमतो, दक्षिणेकडे जाऊ तशी भरती थोडी आधी येते. मुलांना हा हिशोब करायला लावा आणि त्यांनी काढलेली वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटी तक्त्याशी ताडून पाहायला सांगा. निघण्याआधीच एक स्वाध्याय होऊन जातो. प्रत्यक्ष नियोजन मात्र तक्त्यावरूनच करा.

यात एक अडचण आहे, ती आधीच लक्षात घ्या. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी सर्वांत जास्त मागे हटते. पण आपल्याकडे उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते, म्हणजे ओहोटी सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. उलट सप्तमी-अष्टमीला ओहोटी सोयीच्या वेळी, दुपारी बाराच्या आगेमागे येते, पण तेव्हा भांग असतो, पाणी फारसे मागे हटत नाही. म्हणून दोन पर्याय ठेवा:

- एका दिवसाची भेट: षष्ठी ते नवमीच्या दरम्यान. वाळूची पुळण, वाडी, विहिरी, खाडी यांच्या अभ्यासाला हे दिवस पुरेसे आहेत.
- मुक्कामी भेट: द्वितीया ते चतुर्थी. सकाळी पावणेआठ ते सव्वानऊच्या दरम्यान चांगली ओहोटी मिळते. खडकाळ किनारा पाहायचा असेल तर हेच दिवस निवडा.

ऋतूचे म्हणाल तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर विद्यार्थी नेऊच नयेत. पावसाळ्यातल्या लाटा पुळणीची वाळू ओढून समुद्रात नेतात आणि पावसाळा संपला की शांत लाटा ती हळूहळू परत आणून टाकतात. त्यामुळे एकाच जागी ऑक्टोबरमध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये मोजता आले, तर किनारा स्वतःची डागडुजी कशी करतो हे आकड्यांत दिसते.

जागा कशी निवडावी

चांगली जागा म्हणजे थोड्या अंतरात तीन वेगळी भूरूपे आणि जवळपास स्वच्छतागृह. दुसरी अट किरकोळ समजू नका. तासन्‌तास उन्हात काम करणारी मुले, विशेषतः मुली, ती सोय नसेल तर पाणी पिणेच टाळतात आणि दुपारपर्यंत चक्कर येते.

उदाहरण म्हणून रायगड जिल्ह्यातला श्रीवर्धन तालुका घेऊ. हरिहरेश्वरला बेसाल्टचा कडा, त्याच्या पायथ्याशी लाटांनी कापलेला तरंगघर्षित मंच आणि खडकावर पडलेली मधाच्या पोळ्यासारखी भोके दिसतात. लाटांचे तुषार खडकात मुरतात, पाणी वाळते, मिठाचे स्फटिक वाढतात आणि खडकाचे कण सुटे होतात. भोके पडतात ती अशी. दिवेआगरला याच्या अगदी उलट चित्र आहे: लांब सरळ पुळण, मागे वाळूचा उंचवटा, सुरूची झाडे, त्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या. हरिहरेश्वरच्या दक्षिणेला सावित्री नदी बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. बागमांडल्याहून पलीकडच्या वेसवीला जाणाऱ्या फेरीबोटीतून खाडीचे मुख पाहता येते. झीज, भर आणि नदी-समुद्राची भेट या तिन्ही गोष्टी दोन दिवसांत पाहून होतात.

सिंधुदुर्गातल्या शाळांनी देवबागला जावे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेले गाव, असा वाळूच्या दांड्याचा नमुना क्वचित मिळतो. मुंबईच्या मुलांना लांब जायची गरज नाही. वांद्र्याच्या बँडस्टँडला ओहोटीत खडकाळ मंच उघडा पडतो आणि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात ठाणे खाडीची कांदळवने पाहता येतात. गोव्यातल्या शाळांना मांडवी-झुआरीच्या काठची खाजणे (बांध घातलेल्या खार जमिनी) आणि मिरामारच्या वाळूच्या टेकड्या हाताशी आहेत.

शिक्षकांपैकी एकाने तरी ती जागा आधी, त्याच अवस्थेतल्या ओहोटीला जाऊन पाहून यावी. बस कुठे थांबेल, सावली कुठे आहे, भरती सुरू झाल्यावर बाहेर पडायची वाट कोणती बंद होते, हे नकाशावर कळत नाही.

साहित्य: बहुतेक सगळे हार्डवेअरच्या दुकानात मिळते

प्रत्येक गटाला एवढे पुरे: दीड मीटर लांबीचे दोन पीव्हीसी पाइप किंवा बांबू, त्यांवर दर सेंटीमीटरला खूण, २ मीटरची न ताणणारी दोरी, ३० मीटरची मोजपट्टी, होकायंत्र, घड्याळ, भिंग, चुंबक आणि त्यावर चढवायची प्लॅस्टिकची पिशवी, लहान बाटलीत व्हिनेगर, पाइप जोडून केलेली ५० सेंटीमीटर बाजूची चौकट, टीडीएस मीटर, जाड पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल. पेन नको, कारण ओल्या हाताने शाई पसरते. शिक्षकांकडे भारतीय सर्वेक्षण विभागाचा १ : ५०,००० प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा असावा.

मोबाइल आणायचा असेल तर गटात एकच, स्थाननिश्चिती आणि छायाचित्रांसाठी. छायाचित्रात मोजपट्टी किंवा पेन्सिल ठेवली नाही तर आकाराचा अंदाज येत नाही, हे आधी सांगा.

निघण्यापूर्वी शाळेच्या मैदानाच्या उतारावर एकदा सराव करून घ्या. किनाऱ्यावर पोचून दोरी कशी धरायची हे शिकवत बसलात तर ओहोटी हातची जाते.

पहिले काम: पुळणीचा छेद

अमेरिकी सागरशास्त्रज्ञ के. ओ. एमरी यांनी १९६१ साली दोन काठ्या आणि क्षितिज वापरून पुळणीचा उतार मोजण्याची पद्धत मांडली. ती आजही वापरात आहे, कारण तिला महागडे यंत्र लागत नाही.

सुरुवात कायमच्या खुणेपासून करा. बंधाऱ्याचा कोपरा, देवळाची पायरी, विजेचा खांब, काहीही चालेल, पण पुढल्या वर्षी सापडायला हवे. तिथून किनाऱ्याला काटकोनात पाण्याच्या दिशेने जायचे. दोन काठ्या दोरीच्या अंतरावर, म्हणजे २ मीटरवर, सरळ उभ्या धरायच्या. निरीक्षक जमिनीकडच्या काठीमागे उभा राहतो. जमीन समुद्राकडे उतरत असेल तर समुद्राकडच्या काठीचे टोक आणि क्षितिज एका रेषेत येईल अशी नजर लावायची आणि ती रेषा जमिनीकडच्या काठीला जिथे छेदते तिथपर्यंतचे अंतर वरच्या टोकापासून मोजायचे. तेवढी जमीन खाली गेली. जमीन चढत असेल तर जमिनीकडच्या काठीचे टोक आणि क्षितिज जुळवून समुद्राकडच्या काठीवर तसेच मोजायचे. उतरता फरक उणे, चढता फरक अधिक. मग मागची काठी पुढच्या काठीच्या जागी आणायची आणि पुन्हा मोजायचे. लाटेचे पाणी पायाला लागेपर्यंत हे करत राहायचे.

आकड्यांची बेरीज करत गेले की छेद तयार होतो. समजा ४० मीटर अंतरात जमीन एकूण १.६ मीटर उतरली, तर उतार १ : २५, म्हणजे सव्वादोन अंशांच्या आसपास. आलेखावर उभे प्रमाण आडव्यापेक्षा मोठे घ्या, नाहीतर रेष जवळजवळ सपाट दिसेल. धुक्यामुळे क्षितिज दिसत नसेल तर गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी हाताशी असू द्या.

दोन गटांनी तीच रेषा वेगवेगळी मोजावी. आकडे थोडे वेगळे येतातच. का आले, यावर पंधरा मिनिटे चर्चा करा. काठी वाळूत रुतली, दोरी सैल पडली, वाचणाऱ्याची नजर खालीवर झाली. मोजमापात चूक कुठून शिरते, हे शिकणे उताराचा आकडा मिळण्याइतकेच मोलाचे आहे.

दुसरे काम: लाटा आणि प्रवाह

दहा मिनिटांत किती लाटा फुटल्या ते मोजा. असे तीनदा करा आणि सरासरी काढा. ६०० सेकंदांना लाटांच्या संख्येने भागले की दोन लाटांमधला वेळ मिळतो. लाट हळूहळू फेसाळत विरते की उभी राहून एकदम कोसळते, तेही लिहा. मिनिटाला सहा-आठ लाटा येत असतील आणि त्या लांबवर पसरत असतील तर त्या बहुधा वाळू आणून टाकत आहेत. मिनिटाला दहा-चौदा उंच लाटा कोसळत असतील तर वाळू ओढली जात असण्याची शक्यता जास्त. हे काम बंधाऱ्यावर बसूनही करता येते. ज्या विद्यार्थ्याला वाळूत चालणे अवघड आहे त्याच्याकडे ही जबाबदारी द्या. त्याचे आकडे इतर सगळ्या गटांना लागतात.

किनाऱ्यालगतचा प्रवाह मोजायला संत्रे उत्तम. ते तरंगते, लांबून दिसते आणि पाण्यात राहिले तरी कचरा होत नाही. शिक्षकांनी किंवा स्थानिक जाणकाराने किनाऱ्यावरूनच ते फुटत्या लाटांत फेकावे. पाच मिनिटांत ते किनाऱ्याला समांतर किती मीटर आणि कोणत्या दिशेला सरकले ते मुलांनी वाळूवर चालत मोजावे. संत्रे आणायला कोणीही पाण्यात उतरायचे नाही.

तिसरे काम: वाळू, खडक आणि झाडे

वाळूचे तीन नमुने घ्या: लाट पोचते तिथला, पुळणीच्या मधला आणि झाडांच्या पायथ्याचा. प्रत्येकातले तीसेक कण कागदावर पसरून भिंगातून पाहा. कण गोल की टोकदार, एकसारखे की लहानमोठे, शिंपल्यांचे तुकडे किती, हे मोजा. व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर फेस आला तर तो कण चुन्याचा, म्हणजे शिंपल्याचा. पिशवीत गुंडाळलेले चुंबक फिरवा. चिकटणारे काळे कण बहुधा मॅग्नेटाइटचे असतात. रत्नागिरीच्या काही किनाऱ्यांवर इल्मेनाइटयुक्त काळी वाळू आहे, तिथे हा प्रयोग विशेष रंगतो. काम झाले की वाळू तिथेच टाका.

खडकाळ भागात ५० सेंटीमीटरची चौकट पाण्याजवळ, मध्यावर आणि कड्यालगत अशी तीन ठिकाणी ठेवून आत दिसणाऱ्या सजीवांची नोंद करा. कालवे खडकाला एका ठरावीक पट्ट्यातच चिकटलेली दिसतात. भरतीचे पाणी रोज कुठवर चढते हे तो पट्टा सांगतो. दगड उलटला तर जसा होता तसा परत ठेवा. त्याच्या खालच्या बाजूला राहणारे जीव उन्हात मरतात.

पुळणीच्या वरच्या अंगाला मर्यादवेल शोधा. जांभळ्या फुलांची ही वेल वाळूला धरून ठेवते. ती कुठे सुरू होते आणि कुठे तुडवून संपली आहे, याची नोंद पर्यटनाच्या परिणामांबद्दल बरेच सांगून जाते.

खाडी आणि विहिरी

खाडीकाठी तिवराची झाडे असतील तर एक चौरस मीटर चिखलातून वर आलेली श्वसनमुळे धक्क्यावरून किंवा बांधावरून मोजा. चिखलात उतरू नका, आणि फांदीही तोडू नका. कांदळवनांना कायद्याचे संरक्षण आहे.

क्षारता मोजणे सोपे आहे, पण एक मेख आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि घरगुती टीडीएस मीटर इतका मोठा आकडा दाखवत नाही. म्हणून एक भाग खाडीचे पाणी आणि नऊ भाग शुद्ध पाणी मिसळून मोजा आणि आलेल्या आकड्याला १० ने गुणा. विहिरीचे पाणी मात्र थेट मोजता येते. दिवेआगरसारख्या गावात समुद्राजवळच्या वाडीतल्या, मधल्या आणि डोंगराच्या पायथ्याच्या विहिरींचे पाणी मालकाला विचारून मोजले की गोडे पाणी वाळूच्या थरात कसे साठते, हा धडा एका ओळीच्या तक्त्यात मावतो.

माणसांचा भूगोल विचारून कळतो

किनाऱ्यावर माणसे काय करतात हे वगळले तर अभ्यास अर्धाच होतो. समुद्रापासून डोंगरापर्यंत एक सरळ रेषा धरून चाला आणि वाटेत काय लागते ते क्रमाने काढा: पुळण, सुरू, वाडी, घरे, रस्ता, भातशेती, खार जमिनीचा बांध. कोकणातल्या कितीतरी गावांची रचना अशीच समांतर पट्ट्यांत आहे. कारण विचारले तर मुले पाणी आणि वाळू यांच्याकडे बोट दाखवू लागतात.

मुलाखतीसाठी चाळीस प्रश्नांची छापील प्रश्नावली नको. चार प्रश्न पुरेत आणि ते ज्याच्या त्याच्या कामाचे हवेत. वाडीच्या मालकाला: २०२० च्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा किती झाडे पडली, नवीन पोफळ लावली ती धरायला किती वर्षे लागतात? मच्छीमाराला: १ जून ते ३१ जुलै बंदीच्या काळात घर कसे चालते, पूर्वी मिळणारा कोणता मासा आता मिळत नाही? गावातल्या ज्येष्ठांना: तुमच्या लहानपणी समुद्र कुठवर येत असे, धूपप्रतिबंधक बंधारा झाल्यावर त्याच्या दोन्ही टोकांना काय बदलले? श्रीवर्धनला असाल तर तिथल्या रोठा सुपारीबद्दल विचारल्याशिवाय निघू नका.

मासळीचा लिलाव चालू असताना कोणालाही थांबवू नये. हात मोकळे झाले की काका, मावशी, आजी म्हणून विचारावे, वेळ नाही म्हटले तर आभार मानून निघावे. छायाचित्राआधी परवानगी घ्यावी. अहवालात व्यक्तीचे नाव तिच्या संमतीशिवाय लिहू नये. बाणकोट खाडीपलीकडच्या वेळासला कासवांचा काळ असेल आणि पिल्ले समुद्रात सोडताना पाहायची असतील, तर तिथल्या कार्यकर्त्यांच्या सूचना तंतोतंत पाळाव्यात. रात्री किनाऱ्यावर विजेऱ्या पाजळू नयेत.

सुरक्षिततेला तडजोड नाही

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले चौदा विद्यार्थी बुडाले. महिना पावसाळ्याचा नव्हता. किनारा अनोळखी असला की शांत दिसणारे पाणीही घात करते. म्हणून हे नियम लेखी द्या आणि पालकांच्या संमतिपत्राला जोडा:

- क्षेत्रभेटीत पोहणे नाही. गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात कोणीही जाणार नाही.
- दर दहा विद्यार्थ्यांमागे एक प्रौढ, आणि या प्रौढांपैकी एक जण फक्त समुद्रावर लक्ष ठेवणारा. त्याच्या हातात वही नको, शिट्टी हवी.
- खडकाळ भागात ओहोटीच्या दोन तास आधी उतरायचे आणि ओहोटीची वेळ होताच परत फिरायचे. हरिहरेश्वरच्या देवळाच्या प्रदक्षिणा मार्गावर भरतीच्या वेळी जाणे जिवावर बेतले आहे.
- समुद्राकडे पाठ करून कोणीही उभे राहणार नाही.
- खाडीच्या मुखाशी, विशेषतः ओहोटीत, पाण्याचा ओढा जबर असतो. तिथली मोजणी धक्क्यावरूनच करायची.
- आदल्या दिवशी हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज पाहायचा. उंच लाटांचा इशारा असेल तर भेट पुढे ढकलायची, बसचे पैसे बुडाले तरी.
- घट्ट बसणारे, न घसरणारे बूट, टोपी आणि प्रत्येकी दोन लिटर पाणी.
- ग्रामपंचायत आणि सागरी पोलीस ठाण्याला आधी कळवायचे, आणि गावातली समुद्र जाणणारी एक व्यक्ती मानधन देऊन सोबत घ्यायची.

शेवटची गोष्ट अनेक शाळा टाळतात. पण वाळू कुठे खचते, पाणी कुठे ओढते, हे गावातल्या माणसाला ठाऊक असते, आणि त्याच्याकडून मुलांना जे ऐकायला मिळते ते पुस्तकात नसते.

परतल्यावर खरे काम सुरू होते

त्याच संध्याकाळी, निदान दुसऱ्या दिवशी, सगळे आकडे एका मोठ्या तक्त्यात उतरवा. आठवडा गेला की वहीतल्या खुणांचा अर्थ लागत नाही. मग आलेख, मग चर्चा. अहवालाचे सहा भाग पुरेत: प्रश्न, जागा, पद्धत, नोंदी, निष्कर्ष आणि मर्यादा. कोकणाचा इतिहास, प्रसिद्ध देवळे, खाद्यपदार्थ यांवरची परिच्छेदांची भर कापून टाका. गुण देताना निम्मे गुण किनाऱ्यावर पेन्सिलने लिहिलेल्या वहीला द्या. एवढा एक बदल केला तरी एकमेकांचे अहवाल उतरवणे थांबते.

नकाशावरचा एक स्वाध्याय यासोबत जरूर घ्या. श्रीवर्धन ते बाणकोट खाडीपर्यंतचा किनारा कर्कटकाने आधी ५ किलोमीटरच्या टप्प्यांनी मोजा आणि मग १ किलोमीटरच्या. दुसऱ्या वेळी लांबी वाढते, कारण छोटे टप्पे वळणांत शिरतात. भारताचा किनारा वर्षानुवर्षे ७,५१६ किलोमीटर शिकवला गेला आणि अलीकडच्या फेरमोजणीत तो ११,०९८ किलोमीटर झाला, त्यामागचे एक मोठे कारण अधिक बारकाईने झालेले मोजमाप हेच आहे. हे कळलेले मूल आकड्याकडे पाहताना ‘कोणत्या प्रमाणावर मोजला?’ असे विचारते. शिवाय गूगल अर्थवरची जुनी उपग्रहचित्रे लावून आपल्या रेषेच्या जागी वाळू आणि झाडी कशी सरकली, तेही पाहता येते.

विदर्भ-मराठवाड्यातल्या शाळांना दरवर्षी समुद्र गाठणे परवडणारे नाही. त्यांनी हीच छेदाची पद्धत नदीकाठावर किंवा तलावाच्या उतारावर वापरावी, वाळूचे कण तसेच तपासावेत, आणि कोकणातल्या एखाद्या शाळेशी आकड्यांची देवाणघेवाण करावी. तीस मुलांच्या दोन वर्गांनी एकमेकांना आपापले छेद पाठवले तर दोन्हीकडच्या उतारांतला फरक समजू लागतो.

शेवटी एक विनंती. या वर्षीची नोंद कपाटात बंद करू नका. तीच खूण, तीच रेषा, तोच महिना धरून पुढच्या वर्गाने पुन्हा मोजावे, त्यापुढच्यानेही मोजावे. आपल्या बहुतेक छोट्या पुळणींची अशी सलग नोंद कोणाकडेच नसते. बंधारा कुठे घालावा, वाडी कितपत सुरक्षित आहे, असे प्रश्न गावापुढे येतात तेव्हा दहा वर्षांचे साधे आकडेही उपयोगी पडतात, म्हणून त्यांची एक प्रत ग्रामपंचायतीला दरवर्षी द्या. आणि पहिल्या पानावर तारीख, तिथी, ओहोटीची वेळ आणि आरंभाची खूण ठळक अक्षरांत लिहा. पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलांना आधी तेच लागणार आहे.